'कळवळा'मागचा ग्रीक शब्द: नवख्यांनी शब्दाभ्यास कसा करावा

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यास गटात लूक ७ घेतला होता. नाईन गावची विधवा, तिचा एकुलता एक मुलगा आणि वेशीतून बाहेर पडणारी प्रेतयात्रा. त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. आदल्या रात्री एका संकेतस्थळावर मला एक ग्रीक शब्द सापडला होता. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "मराठीत इथे 'कळवळा' आहे, पण ग्रीकमध्ये त्याचा खरा अर्थ 'आतडी' असा आहे." बहुतेकांनी माना डोलावल्या. एका वयस्कर बाईंनी मात्र विचारलं, "खरा अर्थ म्हणजे? मग इतकी वर्षं आम्ही वाचलं ते खोटं होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन-तीन महिने मी त्या एकाच शब्दामागे होतो. कुठून सुरुवात करायची, कोणतं पुस्तक आधी उघडायचं, कशावर विश्वास ठेवायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे क्रमाने लिहीत आहे. उदाहरणाला तोच शब्द घेतो: 'स्प्लांख्निझोमाय', म्हणजे कळवळा येणे. पद्धत मात्र नव्या करारातल्या कुठल्याही शब्दाला चालेल.

ग्रीक भाषा येत नसेल तरी अडत नाही. २४ अक्षरं तेवढी ओळखता आली पाहिजेत. रोज अर्धा तास दिलात तर आठवड्याभरात येतात.

काय काय जवळ हवं

- निदान दोन मराठी भाषांतरं. बायबल सोसायटीचं बहुतेकांच्या घरी असतंच. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचं मिळालं तर जरूर घ्या. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून थेट मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'ही शेजारी असावं.
- ग्रीक नवा करार. नेस्ले-आलांट यांची २८वी आवृत्ती (२०१२) अभ्यासक वापरतात. तिचा मजकूर जर्मन बायबल सोसायटीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.
- शब्दांना क्रमांक जोडलेलं एखादं साधन. 'स्टेप बायबल' किंवा 'ब्लू लेटर बायबल' मोबाइलवरही चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.
- एक जाड वही. मोबाइलवर टिपणं काढू नका. सगळी वचनं एका नजरेत दिसणं फार महत्त्वाचं आहे.

शब्दकोश या यादीत मुद्दाम घेतला नाही. तो सहाव्या पायरीवर येईल.

१. आधी मराठीतच थांबा

लूक ७:११-१७ तीन भाषांतरांतून मोठ्याने वाचा. 'कळवळा', 'करुणा', 'दया' यांपैकी कोणता शब्द कुठे आलाय ते वहीत लिहा. भाषांतरांत फरक दिसला तर तिथे मुळात काहीतरी पाहण्यासारखं आहे असं समजा. फरक दिसला नाही तरी निराश होऊ नका. तिन्ही भाषांतरकार एकाच शब्दाशी येऊन थांबले, हीही एक साक्षच आहे.

२. मूळ शब्द गाठा

मराठी बायबलला शब्दक्रमांक नसतात. म्हणून वचनाच्या पत्त्यावरून जायचं. साधनात लूक ७:१३ उघडा, ग्रीक ओळ दाखवायला सांगा आणि त्या शब्दावर बोट ठेवा. ४६९७ हा क्रमांक दिसेल. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीतले आहेत आणि आजही जगभर तेच चालतात.

इथे नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास अडतो.

पहिली अडचण उच्चाराची. ग्रीक लिपीत या शब्दात गॅमा आणि खी ही अक्षरं लागोपाठ येतात. तशा जोडीत गॅमाचा उच्चार 'ग' होत नाही, अनुनासिक होतो. म्हणून लिहिलेलं 'स्प्लाग्ख्निझोमाय'सारखं दिसतं, पण वाचायचं 'स्प्लांख्निझोमाय'. काही साधनांत 'ग' लिहितात, काहींत 'न'. दोन्ही एकच शब्द आहेत. हे कळेपर्यंत मी दोन शब्द समजून दोन वेगळी पानं भरली होती.

दुसरी अडचण रूपाची. लूक ७:१३ मध्ये प्रत्यक्ष शब्द आहे 'एस्प्लांख्निस्थे'. सुरुवातीचा 'ए' भूतकाळ दाखवण्यासाठी लागलेला आहे. छापील शब्दकोशात तुम्ही तो एप्सिलॉन अक्षराखाली शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही. 'गेला' हा शब्द आपण मराठी कोशात 'जाणे'खाली पाहतो, तसंच हे. साधन मूळ रूप दाखवतं, तेच वहीत लिहा.

३. सगळी वचनं हाताने लिहून काढा

हीच खरी पायरी आहे. वेळ कमी असेल तर बाकीच्या आखडत्या घ्या, हिला हात लावू नका.

हे क्रियापद नव्या करारात १२ वेळा येतं:

मत्तय ९:३६, १४:१४, १५:३२, १८:२७, २०:३४
मार्क १:४१, ६:३४, ८:२, ९:२२
लूक ७:१३, १०:३३, १५:२०

योहानाच्या शुभवर्तमानात ते नाही. पत्रांतही नाही. फक्त या तिघांकडे आहे.

वहीत पाच रकाने आखा: वचन, कळवळा कोणाला आला, कोणाबद्दल आला, त्याआधी काय घडलं, त्यानंतर त्याने काय केलं. बाराच्या बारा ओळी भरा. नुसतं वचन लिहून भागत नाही, मागची-पुढची पाच-सहा वचनं वाचावी लागतात. मला दोन संध्याकाळी लागल्या.

आता दुसरा रकाना वरून खाली वाचा. आठ ठिकाणी कळवळा येशूला येतो. त्यांतल्या दोन ठिकाणी (मत्तय १५:३२, मार्क ८:२) तो स्वतःच तसं बोलून दाखवतो. तीन ठिकाणी दृष्टांतातल्या माणसांना येतो: दासाचं कर्ज सोडणारा धनी, चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्राचा बाप. उरलेलं मार्क ९:२२. तिथे आजारी मुलाचा बाप येशूकडे तो मागतो आहे.

ही मोजणी केली नाही तर एका सापळ्यात पाय पडतो. "हा शब्द फक्त देवासाठी वापरतात," असं तुम्ही कुठेतरी वाचाल किंवा ऐकाल. शोमरोनी माणूस आहे. धन्यामागे आणि बापामागे देव दिसतो असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरही असेल, पण तो दृष्टांताचा अर्थ झाला, शब्दाचा नव्हे. या दोन गोष्टी वहीतही वेगळ्या ठेवा.

चौथ्या रकान्यात 'पाहिले' हे क्रियापद किती वेळा येतं ते बघा. लोकसमुदायाला पाहून, तिला पाहून, त्याला पाहून, दूरवर असतानाच पाहून. लूकाच्या तिन्ही ठिकाणी आधी पाहणं आहे. त्याच तीन ठिकाणी आणखी एक धागा मिळाला, तो मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही: तिन्हीकडे मरण जवळ आहे. नाईनचा मुलगा मेलेला आहे. वाटेवरचा माणूस अर्धमेला पडला आहे. आणि उधळ्या पुत्राचा बाप म्हणतो, हा माझा मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला.

पाचवा रकाना तर भरताना थांबायलाच लावतो. कळवळा आला आणि काहीच झालं नाही, असं एकही वचन नाही. बरं केलं, जेवू घातलं, कर्ज सोडलं, डोळ्यांना स्पर्श केला, जखमा बांधल्या, धावत जाऊन मिठी मारली. मार्क ६:३४ वर मी जास्त वेळ रेंगाळलो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक पाहून त्याला कळवळा आला, आणि त्याने काय केलं? तो त्यांना बऱ्याच गोष्टी शिकवू लागला. मत्तय तोच प्रसंग सांगताना (१४:१४) आजाऱ्यांना बरं केल्याचं लिहितो. शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्यांनी मार्काचं हे वचन जपून ठेवावं.

४. शेजारच्या शब्दांशी ताडून पाहा

शब्दाचा आवाका त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. इथे दोन शेजारी आहेत: 'एलेऑस' (दया, क्रियापद 'एलेएओ') आणि 'ऑइक्तिर्मॉस' (करुणा).

मत्तय २०:३०-३४ उघडा. यरीहोजवळचे दोन आंधळे ओरडतात, "आमच्यावर दया करा." त्यांचा शब्द एलेएओ. येशूला जे होतं त्याला मात्र मत्तय स्प्लांख्निझोमाय म्हणतो. लूक १० मध्येही तसंच. शोमरोन्याला झालं ते स्प्लांख्निझोमाय (वचन ३३). पण त्याचा शेजारी कोण ठरला हे सांगताना शास्त्री म्हणतो, "ज्याने त्याच्यावर दया केली तो" (वचन ३७). तिथे एलेऑस आहे आणि 'करणे' हे क्रियापदही आहे. म्हणजे एक आत उठतं, दुसरं हातून घडतं.

पण ही भिंत फार जाड करू नका. मत्तय १८ मध्ये २७व्या वचनात धन्याला कळवळा येतो आणि ३३व्या वचनात तोच धनी "मी तुझ्यावर दया केली" म्हणताना एलेएओ वापरतो. दोन शब्दांची शेतं लागून आहेत, बांध आहे, पण माणसं ये-जा करतात.

५. त्याच कुळातलं नाम बघा

क्रियापद ज्या नामावरून आलं ते 'स्प्लांख्नॉन', बहुतेक ठिकाणी अनेकवचनात 'स्प्लांख्ना'. क्रमांक ४६९८. नव्या करारात ते ११ वेळा येतं.

त्यातलं एक वचन आधी वाचा: प्रेषितांची कृत्ये १:१८. यहूदा पडला, त्याचं पोट फुटलं आणि स्प्लांख्ना बाहेर पडली. इथे शब्दशः आतडी, दुसरं काही नाही. अभ्यास गटातल्या त्या बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. 'आतडी' हा या कुळातल्या एका शब्दाचा एका ठिकाणचा अर्थ आहे. तो नाईनच्या वेशीवर आणून "हाच खरा" म्हणणं चूक होतं. 'पोटतिडीक' शब्दात पोट आहे म्हणून कोणी पोटतिडकीने बोललं तर आपण पोटदुखीचं औषध देत नाही.

बाकीच्या दहा जागी आतला जिव्हाळा आहे. कलस्सै ३:१२ मध्ये तो वस्त्रासारखा धारण करायला सांगितला आहे. १ योहान ३:१७ मध्ये गरजवंत भावाला पाहूनही माणूस आपली स्प्लांख्ना बंद करून घेतो, दार लावावं तशी. फिलिप्पै २:१ मध्ये स्प्लांख्ना आणि ऑइक्तिर्मॉस शेजारी-शेजारी बसले आहेत. पौलाला दोन्ही लिहावेसे वाटले.

आणि फिलेमोन. अवघ्या २५ वचनांचं पत्र, त्यात हा शब्द तीनदा. सातव्या वचनात पौल म्हणतो, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या स्प्लांख्नांना विसावा मिळाला आहे. बाराव्यात अनेसिम या दासाला फिलेमोनाकडे परत पाठवताना म्हणतो, तो म्हणजे माझी स्प्लांख्ना. आणि विसाव्यात: आता माझ्या स्प्लांख्नांना विसावा दे. सातव्यात कौतुक केलं, बाराव्यात स्वतःचं काळीज त्या दासाच्या रूपाने दारात उभं केलं आणि विसाव्यात मागणं मागितलं. फिलेमोनाला नाही म्हणायला जागा उरत नाही. भाषांतरात या तीन जागी वेगवेगळे शब्द पडले की ही वीण दिसेनाशी होते. मूळ शब्द पाहण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच: लेखकाने घातलेले टाके दिसतात.

६. आता शब्दकोश उघडा

आधी उघडला असता तर पहिली ओळ वाचून तुम्ही थांबला असता. मी थांबलो होतो.

फुकट मिळणारा थेअर यांचा कोश १८८० च्या दशकातला आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या हजारो कागदांचा अभ्यास त्यानंतर झाला आणि रोजच्या ग्रीकबद्दलची समज बदलली. थेअर वापरा, पण शेवटचा शब्द त्याचा मानू नका. आज अभ्यासक बाउअर यांच्या कोशाची इंग्रजी आवृत्ती (तिसरी, २०००) वापरतात. ती महाग आहे. जवळच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारून पाहा. क्रमांकाशेजारी छापलेली छोटी यादी ही कोशाची जागा घेऊ शकत नाही. ती भाषांतरात वापरलेल्या शब्दांची यादी असते. त्यातला आपल्याला आवडलेला अर्थ उचलून वचनावर चिकटवणं, किंवा सगळे अर्थ एकाच वचनात कोंबणं, या दोन्ही चुका फार जणांकडून होतात. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच यावर कडक टीका केली होती. शब्द एका वेळी एका वाक्यात एकच काम करत असतो.

७. नव्या कराराच्या आधी शब्द काय करत होता?

इथे थोडक्यात जा, पण जा. जुन्या ग्रीकमध्ये स्प्लांख्ना म्हणजे बळीच्या जनावराचे काळीज, यकृत, फुप्फुस असे आतले अवयव. होमरच्या काव्यात यज्ञानंतर लोक आधी तेच चाखतात. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात "रागाने स्प्लांख्ना तापवू नकोस" अशा अर्थाचं वाक्य येतं, म्हणजे ग्रीक माणसाच्या लेखी तिथे रागही राहायचा. २ मक्काबी ६:८ मध्ये हे क्रियापद बळीचं मांस खाण्याबद्दल आहे (कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक मिळेल). जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, नीतिसूत्रे १७:५ मध्ये, याच कुळातलं क्रियापद दया करणाऱ्यासाठी येतं.

यज्ञाच्या जेवणापासून करुणेपर्यंतची ही वाट कळली की एक मोह होतो: प्रत्येक वचनात यज्ञ शोधायचा. नका शोधू. लूकाच्या वाचकाला तो वास येत होता असं दाखवणारं काही वचनात नाही.

हिब्रूचाही उल्लेख तुम्हाला भेटेल. करुणेसाठीचा 'रहमीम' हा शब्द गर्भाशयासाठीच्या 'रेहेम'च्या कुळातला आहे. हे खरं आहे आणि सुंदरही आहे. पण ग्रीक भाषांतरात रहमीमसाठी सहसा ऑइक्तिर्मॉस येतो, आपला शब्द नव्हे. तेव्हा जोडताना जपून.

८. पाठभेद (हस्तलिखितांतले शब्दांचे फरक) तपासा

मार्क १:४१ ला ग्रीक पानाच्या तळटिपेत बघा. कुष्ठरोगी गुडघे टेकतो आणि येशू, बहुतेक हस्तलिखितांप्रमाणे, कळवळून हात पुढे करतो. पण केंब्रिजला असलेल्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या बेझा हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत तिथे 'ऑर्गिस्थेइस' आहे, म्हणजे 'रागावून'.

काही अभ्यासकांना हा 'राग'च मूळ वाटतो. नकल करणारा रागाच्या जागी कळवळा घालील, कळवळ्याच्या जागी राग कशाला घालील, असा त्यांचा मुद्दा. मत्तय आणि लूक हा प्रसंग सांगताना दोन्ही शब्द गाळतात, हाही त्यांना आधार वाटतो. नेस्ले-आलांटने 'कळवळा'च ठेवला आहे. मलाही हस्तलिखितांचं वजन त्या बाजूला दिसतं. पण तुमच्या वहीत या ओळीशेजारी खूण हवी, कारण हे वचन गेलं तर १२ चे ११ होतात. गटात कोणी हे आधी वाचलेलं असेल तर तुम्हाला धक्का बसायला नको.

९. मराठीत परत या

ही पायरी परदेशी पुस्तकांत नसते आणि आपल्याला तिचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

'आतडं तुटतं', 'पोटात कालवतं', 'जीव तुटतो'. आपल्या आया-आज्यांनी हे शब्द ग्रीक न शिकता वापरले. जिव्हाळ्याचं घर पोटात आहे हे मराठीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. त्यातही 'कळवळा' बघा. तुकोबा म्हणतात, "ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती", आणि हे सांगतात आईबद्दल, जी पोटी भार वाहते. जुन्या भाषांतरकारांनी हा शब्द उचलला तेव्हा मराठी कानात तो असा भरलेलाच होता.

व्याकरणही आपल्या बाजूचं आहे. मराठीत आपण कळवळा करत नाही, तो आपल्याला येतो: 'त्याला तिचा कळवळा आला'. ग्रीक क्रियापदही भूतकाळात कर्मणी रूपात येतं, जणू माणसाच्या आत काहीतरी घडून गेलं. मात्र यावर सिद्धांत उभारू नका. ग्रीकमध्ये अशी रूपं असलेली क्रियापदं पुष्कळ आहेत. फक्त एवढं म्हणा की मराठी वाक्य इथे मुळाच्या अंगावर नीट बसतं.

त्या बाईंना मी पुढे हे सगळं वहीसकट दाखवलं. त्यांनी लूक ७:१३ पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "तिला बघून त्याचं आतडं तुटलं, असंच ना? मग आम्ही वाचत होतो तेच आहे की." तेच आहे.

१०. पुढचा शब्द निवडताना

पहिल्याच फेरीत 'लोगॉस' (म्हणजे शब्द) घेऊ नका, तो ३०० हून अधिक वेळा येतो. 'पिस्तिस' म्हणजे विश्वास, तोही २०० च्या वर. मोजकी ठिकाणं असलेला शब्द घ्या. 'पाराक्लेतॉस' पाचच ठिकाणी आहे: योहान १४:१६, १४:२६, १५:२६, १६:७ आणि १ योहान २:१. पहिल्या चार जागी तो पवित्र आत्म्यासाठी आहे, पाचव्या जागी येशूसाठी. मराठीत या पाच जागी कोणते शब्द आलेत ते आधी लिहा, मग रकाने आखा.